सात नंबरची काच

तळेहाळ, ता. निपाणी
१८ डिसेंबर २०२४

अण्णा,

तीन दिवस फोन लावतेय, तुम्ही उचलत नाही. काल मंजुश्री वहिनींनी उचलला आणि "ते अंघोळीला गेल्यात" म्हणाल्या. दुपारचे चार वाजले होते. म्हणून हे पत्र. पत्र आलं की निदान फोडून वाचाल.

पॅनेलचा निकाल तुम्हाला माझ्याआधी कळला असणार. जिल्हा ऑफिसकडून दहा काचा येतात, थुंकीचा नमुना लावून, रंगवून तयार, सगळ्या केंद्रांना सारख्याच. कुठल्या काचेत टीबीचे जंतू आहेत आणि कुठल्यात नाहीत हे त्यांना ठाऊक असतं. आपण सूक्ष्मदर्शकाखाली बघून लिहायचं, एकट्यानं, कुणाला न विचारता. तशी सहीच घेतात. सही तुम्हीही केलीत, मीही केली. आणि दरवर्षीसारखा आपण एकमेकांना फोन केला.

१४ नोव्हेंबर. दुपारचे पेशंट संपले होते. तुम्ही नेहमीसारखं म्हणालात, "तू आधी सांग गं." मी एकापासून दहापर्यंत वाचून दाखवलं. चारमध्ये थोडे, सातमध्ये थोडे, असं म्हटल्यावर तुम्ही थांबलात.

"चार आणि सात? न्हाय गं. ते रंगाचे कण हाईत. रंगवणाऱ्यानं रंग गाळला नसंल. घाई केलीस तू."

मी म्हटलं, "अण्णा, सातमध्ये मी सहा मोजलेत. बारीक, जरा वाकडे. दोन तर एकमेकांना चिकटून."

"सतरा वर्षं झाली मला ह्या खुर्चीवर," तुम्ही म्हणालात. "कण हाईत."

फॉर्मवर खोडाखोड चालत नाही, म्हणून मी नवा फॉर्म घेतला. चार निगेटिव्ह, सात निगेटिव्ह. संध्याकाळच्या टपालात टाकला.

परवा चिकोडीच्या मीटिंगमध्ये डॉक्टर मॅडमनी बावीस जणांसमोर मला उभं केलं. "दीप्ती, ह्या काचा खऱ्या असत्या तर तुम्ही दोन आजारी माणसांना 'काही नाही' सांगून घरी पाठवलं असतंत," म्हणाल्या. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही टेबलाकडं बघत होता. मला वाटलं, माझ्याइतकंच तुमचंही चुकलं असेल, आता तुमचं नाव येईल. आलं. दहापैकी दहा.

मीटिंग संपल्यावर मी क्लार्कच्या हातापाया पडून तुमचा फॉर्म बघितला. चार: थोडे. सात: थोडे, सहा. सहा, अण्णा. तो आकडा माझा आहे. फोनवर तुम्हाला मीच सांगितला होता.

पर्यवेक्षकाच्या जागेसाठी आपल्या दोघांची नावं गेली होती हे मला माहीत आहे. आता ती जागा तुमची. मला काचा वाचायला बंदी, जानेवारीत बेळगावला पुन्हा शिकायला जायचं. तोवर तळेहाळच्या सगळ्या थुंकीच्या डब्या तुमच्या कुरुंदगट्टीला.

आमचे हे, सन्मती, रागीट नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. काल जेवताना एवढंच म्हणाले, "जागा पाहिजे हुती तर मागायची हुती त्येंनी. तू दिली असतीस."

दिली असती. ह्याचाच जास्त त्रास होतोय.

दीप्ती


वडगाव, बेळगाव
११ जानेवारी २०२५

अण्णा,

उत्तर नाही. ठीक आहे.

मावशीकडं उतरलेय. खालच्या मजल्यावर दोन माग आहेत, सकाळी सहाला सुरू होतात, त्या खडखडाटात बसून लिहितेय. ट्रेनिंगमध्ये माझ्या बाकावर बावीस वर्षांची पोरं. शिकवणारे सर परवा म्हणाले, "बाई, तुम्ही इथं का आलाय?" तीस काचा वाचायला दिल्या होत्या, तिसांपैकी तीस बरोबर. मी काय सांगणार? पॅनेलमध्ये चुकले म्हटलं. फोनचं सांगितलं नाही. अजून कुणालाच सांगितलेलं नाही. ते सांगायचं तर माझंही सांगावं लागतं.

पण आज पत्र लिहितेय ते वेगळ्या कारणानं. काल संध्याकाळी खडेबाजारात मी तुम्हाला बघितलं. भांड्यांच्या दुकानासमोर. वहिनी आत काहीतरी घेत होत्या आणि तुम्ही पायरीशी उभे होता. मी रस्त्याच्या ह्या बाजूला. दहा पावलं अंतर असेल. तुम्ही मान वर केलीत आणि सरळ माझ्याकडं बघितलंत. मी हातसुद्धा वर केला. तुम्ही बघत राहिलात, आणि मग तोंड फिरवलंत, जणू मी तिथं नव्हतेच.

मी रस्ता ओलांडला नाही.

२०११ साली मी ह्या कामावर आले तेव्हा मला काच धरायला तुम्ही शिकवलंत. महिनाभर स्वतःची खुर्ची दिलीत आणि मागं उभे राहिलात. "शंभर जागा बघितल्याबिगर निगेटिव्ह म्हणायचं न्हाय. नव्व्याण्णवाव्या जागेवर बसलेला असतोय तो." माझे वडील वारले तेव्हा तिसऱ्या दिवशी दारात तुम्ही होता. तेव्हापासून मी तुम्हाला अण्णा म्हणते आणि मनापासून म्हणते. आमच्या घरात मला भाऊ नाही.

तुम्ही शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. ओळख दाखवली नाहीत, ते लागलं.

दीप्ती


तळेहाळ
१० मार्च २०२५

अण्णा,

आता तुम्ही पर्यवेक्षक. आमच्या काचा तपासायला तुम्ही येणार. त्याआधी हे वाचा.

१ मार्चपासून मला वाचायची परवानगी परत मिळाली. शनिवारी यल्लव्वा आली. तुम्ही तिला ओळखता की नाही माहीत नाही. निपाणीला तंबाखूच्या वखारीत पाला निवडते, साठीची आहे, कानडी आणि मराठी एकाच वाक्यात बोलते. जानेवारीत ती आली होती तेव्हा मी बंदीवर होते. मीच तिची डबी बांधून तुमच्याकडं पाठवली होती. आता तिला धरून मुलानं आणलं. भरमू त्याचं नाव, वखारीतच हमाली करतो.

मी विचारलं, "यल्लव्वा, अगं, इतके दिवस कुठं होतीस?"

"घरातच की बाई. त्या सरांनी चिठ्ठी दिलती, कायबी न्हाय म्हणून. मग वखारीत जायला लागले. खोकला काय, तंबाखूचा आसतोय म्हटलं."

तिची काच मी रंगवली आणि बघितली. शंभर जागा बघायची गरजच नव्हती. पहिल्याच जागेवर लाल काड्यांचं जाळं. एवढे जंतू दोन महिन्यांत येत नाहीत, तुम्हीच शिकवलंय.

काल रविवारी मी कुरुंदगट्टीला गेले. तुमच्या खुर्चीवर आता आदर्श बसतो, पोरगा साधा आहे. जुना पर्यवेक्षक रिटायर झाल्यापासून सव्वा वर्ष फेरतपासणीला काचा कुणी उचललेल्याच नाहीत, त्यामुळं तुम्ही वाचलेल्या सगळ्या पेट्यांत तशाच पडून आहेत. आदर्शनं विचारलंसुद्धा नाही कशाला पाहिजे. मी यल्लव्वाची काच काढली, ३ जानेवारीची. रजिस्टरात तुमच्या अक्षरात: निगेटिव्ह. मी बसले आणि शंभर जागा बघितल्या. चौदा जंतू, अण्णा. स्वच्छ रंगलेले, निळ्यावर लाल. अकराव्या जागेवर पहिला.

शिकाऊ पोरगीसुद्धा चुकली नसती.

तुम्ही काच बघितलीच नाहीत ना? माझ्या केंद्रातनं आलेली म्हणून न बघताच लिहिलंत ना? मला हरवायचं होतं ते हरवलंत. त्या बाईचा काय संबंध होता?

आदर्शला सांगितलं, ह्या पेट्या कुणी मागितल्या तरी द्यायच्या नाहीत. तुम्ही मागितल्या तरी.

दीप्ती


तळेहाळ
२१ मार्च २०२५

अण्णा,

काल मंजुश्री वहिनी येऊन गेल्या. तुम्हाला न सांगता आल्या, बेळगावातल्या तुमच्या शहापूरच्या घरून दोन बस बदलून. तुमच्यापासून लपवून ठेवायचं नाही म्हणून लिहिते. तसंही हे पत्र त्याच तुम्हाला वाचून दाखवणार.

माझी आधीची तिन्ही पत्रं त्यांनीच वाचून दाखवली, हे मला काल कळलं. वहिनी, आता तुम्ही हे मोठ्यानं वाचताय. थांबू नका.

त्या ओट्यावर बसल्या आणि पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, "दीप्ती, त्येंनी तुला वळख दाखवली न्हाय म्हणून लिवलंस. त्येंना दिसतच न्हाय गं. मधलं सगळं पुसल्यागत झालंय. शुगरनं डोळ्याचा पडदा गेलाय. तीन वर्षं झाली."

मला आधी समजेनाच. मी म्हटलं, "मग काचा?"

"जाड असल्या तर लाल झाक कळतीय म्हणत्यात. बारकं काय कळत न्हाय." मग म्हणाल्या, "पोरीच्या गळ्याला हात लावून शपथ घातलीया मला, कुणाला सांगायचं न्हाय म्हणून. डॉक्टरनं डोळ्यात सुया घ्यायला सांगितलंय, तिथंबी जाईनात. रजा टाकली तर कळंल म्हणून."

त्या गेल्यावर मी चूल पेटवली नाही. सन्मतींनी पोहे केले, तेही तसेच राहिले. मी मागची वर्षं मोजत बसले. २०२२ च्या पॅनेलला तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, "तू आधी सांग." त्याआधी आपण एकेक काच आळीपाळीनं सांगायचो. तेवीसला पुन्हा, "तू आधी सांग." मला वाटायचं, अण्णा माझी परीक्षा घेतात. मला बरं वाटायचं, अण्णा! तुम्ही माझ्या डोळ्यांनी पास होत होता आणि मी तुमच्याकडनं शाबासकी घेत होते.

म्हणजे १४ नोव्हेंबरला तुम्ही मला खोटं पाडायला बसला नव्हता. वहिनींनी तेही सांगितलं. चार आणि सात तुम्हाला नुसत्या निळ्या दिसल्या. मी "थोडे आहेत" म्हटल्यावर तुम्हाला भीती वाटली, की आता हिला कळणार. म्हणून मोठा आवाज काढलात. सतरा वर्षं काढलीत. फोन ठेवल्यावर तासभर बसलात, मग मी म्हणाले तेच लिहिलंत.

तो तास मी किती वेळा उलटून बघितला. माझा फॉर्म तेव्हा टेबलावरच होता. टपाल पाचला जातं. एक फोन करायचा. "दीप्ती, तुझंच बरोबर आहे, तसंच ठेव." कारण सांगायचीसुद्धा गरज नव्हती. मी विचारलं नसतं.

तुम्ही केला नाहीत. आणि दिसत नसताना पर्यवेक्षकाची जागा घेतलीत. मला आधी वाटायचं जागेसाठी हे केलंत. आता वाटतं, त्या जागेवर दुसरं कुणी बसलं असतं तर पहिल्यांदा तुमच्याच पेट्या उघडल्या असत्या. खरं काय, ते तुम्ही सांगा.

यल्लव्वाची आठवण मी पुन्हा करून देत नाही.

तीस तारखेपर्यंत तुम्ही स्वतः डॉक्टर मॅडमकडं जा. डोळ्यांचं सांगा, पेट्यांचं सांगा. माझ्या फोनचंही सांगा, माझं नाव घेऊन. मी नाकारणार नाही. तुम्ही आधी गेलात तर शिक्षा कमी होईल, आणि त्याहून जास्त म्हणजे त्या काचांच्या मागची माणसं लवकर सापडतील.

वहिनींना रागावू नका.

दीप्ती


तळेहाळ
३ एप्रिल २०२५

अण्णा,

तीस तारीख गेली. एकतीसही गेली, म्हटलं सुट्टी आली असेल. काल चौकशी केली. तुम्ही मंगळवारी ऑफिसात होता, चहा घेतलात, दौऱ्याचा तक्ता दिलात आणि परत आलात.

आज सकाळी मी अर्ज दिला. त्याची नक्कल सोबत आहे. तीन गोष्टी लिहिल्यात. कुरुंदगट्टीच्या सव्वा वर्षाच्या सगळ्या काचा बाहेरच्या दोन माणसांनी पुन्हा वाचाव्यात. आत्ताच्या पर्यवेक्षकांची नजर डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. आणि गेली कित्येक वर्षं पॅनेलची उत्तरं मी आणि ते फोनवर जुळवत होतो, त्यामुळं त्यांचा निकाल खरा नाही आणि माझाही खरा नाही.

मॅडमनी दोनदा वाचला. म्हणाल्या, "तिसरं लिहिलं नसतं तरी चाललं असतं. तुम्हाला कळतंय का तुमचं काय होईल?"

कळतंय म्हटलं.

बाहेर आल्यावर सन्मती मोटरसायकलवर थांबले होते. अर्ज दिला का म्हणून त्यांनी विचारलं नाही. "बस मागं," म्हणाले.

दीप्ती


तळेहाळ
१५ जून २०२५

अण्णा,

तुम्हाला ऑफिसचा कागद आला असेल. तरी मी माझ्या शब्दांत लिहिते, कारण त्या कागदात नुसते आकडे आहेत.

सहाशे अकरा काचा. दोघांनी वेगवेगळं बसून वाचल्या, एकमेकांना न विचारता. दीड महिना लागला. तुम्ही निगेटिव्ह लिहिलेल्या नऊ पॉझिटिव्ह निघाल्या. कुणी कुरुंदगट्टीचे, बाकीचे तुमच्याकडं डब्या गेलेल्या आजूबाजूच्या गावांचे. नऊतले चौघं आपापले दुसरीकडं जाऊन, खासगी डॉक्टर करून, उशिरा का होईना औषधावर लागले होते. एकजण पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर गेलाय, त्याच्या बायकोकडनं नंबर घेऊन त्याला तिथंच गाठलं. तिघांना आत्ता सुरू केलं. त्यातली एक तेजस्वी म्हणून आहे, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. वजन चौतीस किलो झालंय तिचं. घरचे म्हणत होते अभ्यासानं सुकली.

आणि नववी यल्लव्वा. ती २२ मेला गेली. औषध अडीच महिने नीट घेतलं तिनं, एक दिवस चुकवलं नाही. डॉक्टर म्हणाले छातीत काही राहिलंच नव्हतं. जानेवारीत सुरू झालं असतं तर? मी विचारलं नाही.

तुम्हाला त्या जागेवरनं काढलं आणि आजारपणाच्या रजेवर पाठवलं हे कळलं. डोळ्यात सुया घ्यायला लागलात हेही कळलं. मला सहा महिने वाचन बंद, पुढं काय ते डिसेंबरमध्ये ठरणार. सध्या मी डब्या घेते, नावं लिहिते, डब्या बांधून पाठवते. सूक्ष्मदर्शकावर कापड घालून ठेवलंय. पेशंट विचारतात, बाई तुम्ही का बघत न्हाय? मी सांगते, माझी चूक झाली होती. पुढं कुणी विचारत नाही.

वहिनींनी फोन केला होता. म्हणाल्या तुम्ही जेवत नाही, सारखं "दीप्तीला सांग, मला माफ कर" म्हणता. वहिनींकरवी माफी मागता, अण्णा? सात महिन्यांत तुमचा आवाज मी ऐकलेला नाही.

मी तुम्हाला माफ करायचं की नाही ते नंतर बघू. आधी ते नऊजण. त्यांना ऑफिसकडनं नुसतं "तपासणीत त्रुटी आढळली" असं कळवलंय. कुणाची त्रुटी, कशी, कुणी सांगितलेलं नाही. भरमू मला रोज विचारतो, "बाई, आई निगेटिव्ह हुती मग मेली कशानं?" मी काय सांगू? माझ्या तोंडून सांगायचं ते मी सांगीन. पण तुमचं तुम्ही सांगायला पाहिजे.

मॅडमना विचारलंय, त्या हो म्हणाल्यात, कुणाची नावं बाहेर जाणार नाहीत एवढं सांभाळून. सोमवारी २३ तारखेला या. दहाच्या बसनं. मी निपाणीच्या स्टँडवर उभी असेन. दिसणार नाही म्हणून घाबरू नका, मी हाक मारीन. नऊ घरं आहेत, दोन दिवसांत होतील. दारं मी दाखवीन, बोलायचं तुम्ही.

दीप्ती


तळेहाळ
२४ जून २०२५

अण्णा,

काल दहाच्या बसला तुम्ही नव्हता. साडेअकराच्या बसलाही नव्हता. एक वाजता मी शेवटची बघितली. कंडक्टरला विचारलं, शहापूरकडचे एक वयस्कर, सोबत बायको? "न्हाय बा," म्हणाला.

मग मी एकटीच निघाले. वाटेत ठरवत होते काय बोलायचं. मनात तुम्हाला जे जे बोलले ते इथं लिहीत नाही.

पहिलं भरमूचं घर. तो वखारीतनं जेवायला आला होता. मी म्हटलं, "भरमू, तुझ्या आईबद्दल सांगायला आलेय."

"ते सर सांगून गेले की," तो म्हणाला.

"कुठले सर?"

"काल आलते. बायकूचा हात धरून. दारातच बसले खाली, वर या म्हटलं तर येईनात. म्हटले, तुझ्या आईची काच माझ्याकडं आलती, मला दिसत नव्हतं आन मी दिसतंय म्हणून लिवलं."

भरमू पुढं म्हणाला, "मी शिव्या दिल्या बाई. लई दिल्या. गल्ली गोळा झाली. त्यो माणूस खाली मान घालून ऐकत बसला. मला वाटलं उठून जाईल, पर गेला न्हाय. मग माझंच तोंड दुखलं. म्हटलं, पाणी प्या."

"प्याले?"

"प्याले."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. कुठं शनिवारी येऊन गेलेले, कुठं रविवारी. पुण्याच्या त्या माणसाच्या बायकोला तुम्ही फोन लावून द्यायला सांगितलंत आणि त्याच्याशीही बोललात. तेजस्वीच्या आईनं तुम्हाला आत येऊ दिलं नाही, तर तुम्ही अंगणातनंच मोठ्यानं सांगितलंत म्हणे. पत्ते आदर्शनं दिले, ते मी त्याच्याकडनं काढून घेतलं.

तेजस्वी मला म्हणाली, "ते सर सांगत होते, दीप्तीबाईंची कायबी चूक न्हाय, त्यांच्यामुळं तुम्ही सापडला."

मी तिला म्हटलं, ते खरं नाही. तीन वर्षं ते माझं उत्तर विचारून स्वतःचं लिहीत होते, आणि मी सांगत होते. परीक्षा एकट्यानं द्यायची असते ती ह्याचसाठी. मी गप्प बसले असते तर २०२२ लाच त्यांचे डोळे उघडे पडले असते, आणि तुझी काच दुसऱ्या कुणीतरी बघितली असती.

ती पोरगी म्हणाली, "म्हणजे तुम्हाला वाटलं नाही कधी, हे आधी मलाच का विचारतात?"

औषधाची वेळ झाली होती, ती गोळ्या घ्यायला आत गेली.

काल दुपारपासून आणि आज दुपारपर्यंत मी नऊही घरं केली. नऊही घरांत तुम्ही माझ्याआधी जाऊन आला होता. तुम्हाला ऐकून घेता आलं, शिव्या खाता आल्या, अनोळखी माणसांच्या दारात खाली बसता आलं. मी सोमवार म्हटलं होतं म्हणून तुम्ही शनिवार-रविवार धरलात, हे मला कळायला वेळ लागला नाही. मी सोबत नको होते.

भरमूच्या गल्लीकडं जाणारी बस आमच्या फाट्यावर थांबते. चांगली पाच मिनिटं थांबते, ड्रायव्हर तिथं पान खातो. खिडकीतनं माझं दार समोर दिसतं. वहिनींनी तुम्हाला सांगितलं असणार, दीप्तीचं घर आलं म्हणून.

रविवार होता, अण्णा. मी घरीच होते.

दीप्ती